जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) क्रँक आणि बीबी जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावर पडलेली गिअरची सायकल खाली काढायची, धूळ झाडायची, टायर-ट्यूब बदलायची आणि रविवारी सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारायची. इथवर सगळं झकास होतं. मग पॅडल मारताना पायाखाली काहीतरी डुगडुगतं आणि 'बीबी गेली' हा शब्द कानावर पडतो. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पॅडलच्या दोन दांड्यांमधला, म्हणजे दोन क्रँकमधला, बेअरिंगचा भाग. मी मेकॅनिक नाही. पण गेल्या काही वर्षांत स्वतःच्या दोन आणि मित्रमंडळींच्या बऱ्याच जुन्या सायकलींचे क्रँक काढले-घातले. त्यात चुकाही भरपूर केल्या. तेच तेच प्रश्न फोनवर येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

आधी क्रँक घ्यायचा की बीबी?

आधी क्रँक. बीबी नंतर. बहुतेक लोक उलटं करतात, कारण खराब झालेली असते बीबी. जुनी बीबी काढायची, तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि तशीच नवी मागवायची. क्रँक तोच ठेवणार असाल तर हे बरोबरच आहे. पण क्रँकही बदलणार असाल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. शेलची (फ्रेममधल्या, बीबी बसते त्या आडव्या नळीची) रुंदी आणि आटे फ्रेम ठरवते. एक्सल कसला आणि किती लांब, हे क्रँक ठरवतो. बीबी या दोघांच्या मधली आहे. दोघांची मापं हातात आल्याशिवाय तिच्यासाठी पैसे मोजू नका.

माझ्या सायकलला कोणत्या प्रकारची बीबी आहे, हे न खोलता कळेल का?

बऱ्याचदा कळतं. क्रँकला आडवी खिळीसारखी पिन ठोकलेली दिसली तर ती कॉटर पिनची जुनी पद्धत. क्रँकच्या मधलं टोपण उचकटून आत 14 मिमी डोक्याचा बोल्ट दिसला तर बहुधा चौकोनी एक्सल आहे. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक एमटीबींना हाच असतो. भोक मोठं आणि एक्सलच्या तोंडावर खाचा दिसल्या तर ऑक्टालिंक किंवा आयसिस. आणि डाव्या क्रँकवर दोन ॲलन बोल्ट समोरासमोर, बेअरिंग शेलच्या बाहेर दिसतंय, असं असेल तर हॉलोटेक 2 किंवा तिच्या जातीतली.

शेल कसं मोजायचं?

व्हर्नियरने, दोन्ही कप (शेलमध्ये दोन्ही बाजूंनी फिरवून बसणारे बीबीचे भाग) काढून, शेलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. एमटीबीत 68 किंवा 73 मिमी येणार. आकडा 70 आला तर दोनदा मोजा. ते इटालियन माप आहे आणि एमटीबीत सहसा दिसत नाही. रंगाचा जाड थर असेल तर 68 चं 68.6 भरतं, त्याने बिचकू नका. पट्टीने मोजू नका, पट्टीवर 73 चं 72 किंवा 74 वाचलं जातं.

आटे बीएसए, म्हणजे 1.37 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे. या काळातल्या एमटीबींमध्ये जवळपास सर्वत्र हेच आहेत.

उजवीकडचा कप हलतच नाही. पानाला पाईप लावून दोघं लटकलो, तरी नाही.

थांबा. उलट्या दिशेने लटकताय. बीएसएमध्ये चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. डावीकडचा मात्र नेहमीसारखा.

डाव्या-उजव्याचा गोंधळ होतो म्हणून मी एकच खूण लक्षात ठेवतो. पाना कपावर असा लावायचा की त्याची दांडी वर आभाळाकडे राहील. मग कोणतीही बाजू असो, दांडी पुढच्या चाकाकडे ढकलली की कप सुटतो, मागच्या चाकाकडे ओढली की आवळतो. पॅडलचं याच्या बरोबर उलटं: दांडी वर धरून मागे ओढली की पॅडल सुटतं.

दिशा बरोबर असूनही हलत नसेल तर आत गंज आहे. सीटपोस्ट काढा, सायकल तिरकी करा आणि सीटच्या नळीतून गंज सोडवणारं तेल आत सोडा. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी टूल कपाच्या खाचांत पूर्ण बसवा आणि क्रँकचाच बोल्ट मोठ्या वायसरसकट एक्सलमध्ये फिरवून टूल जागेवर दाबून धरा. टूल घसरलं की खाचा गुळगुळीत होतात, आणि मग ते काम छिन्नी-हातोडीचं होऊन बसतं. शिमानोच्या कार्ट्रिज (सीलबंद) बीबीला 20 खाचांचं टूल लागतं. ते स्वस्त आहे, एक घरात असू द्या.

एक्सलची लांबी कशी ठरवायची? 107, 110, 113, 118, 122.5, 127.5... इतके आकडे का?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे थोडं सविस्तर.

क्रँकची घडण दर काळात बदलत गेली. ऐंशीच्या दशकातले एमटीबी क्रँक सरळ आणि सडपातळ होते. त्यांना 122 ते 127 मिमीचे लांब एक्सल लागायचे. नव्वदच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला वाकवलेले क्रँक आले, त्यांना 107 ते 113 चे आखूड एक्सल पुरायला लागले. म्हणून फ्रेम तीच असली तरी क्रँक बदलला की लांबी बदलते.

माझंच उदाहरण. चुलतभावाने अमेरिकेतून येताना आणलेली स्टीलची एमटीबी माझ्याकडे आली. आतल्या बीबीवर 127.5 कोरलेलं होतं. मी तीच लांबी मागवली आणि वर नव्वदच्या उत्तरार्धातला, 113 साठी बनवलेला क्रँक चढवला. सगळं सुंदर बसलं. पहिल्या राईडला पुढचा डिरेल्युर (चेन सरकवणारा भाग) मोठ्या चेनरिंगपर्यंत (क्रँकवरच्या दातेरी चकतीपर्यंत) पोचेना आणि मागे मोठ्या गिअरवर चेन कुरकुरायला लागली. हिशोब साधा होता: 127.5 वजा 113 म्हणजे 14.5, त्याचं निम्मं सव्वासात मिमी. चेनरिंग तेवढ्या बाहेर गेल्या होत्या. ती बीबी दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होती, मग एका मित्राच्या जुन्या क्रँकला लागली.

पाहायची गोष्ट म्हणजे चेनलाईन. सीटच्या नळीच्या मध्यापासून मधल्या चेनरिंगच्या दातांपर्यंतचं अंतर. त्या काळच्या तीन चेनरिंगच्या एमटीबीला ते साधारण 47.5 मिमी असावं, नंतरच्या जाड नळीच्या फ्रेमना 50. मोजायला नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून मधल्या रिंगच्या दातांच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात नळीच्या व्यासाचं निम्मं मिळवा. नळी 28.6 ची असेल तर निम्मं 14.3. पृष्ठभागापासून 33 भरलं तर बेरीज 47.3, म्हणजे उत्तम. 38 भरलं तर 52.3, म्हणजे साधारण पाच मिमी आत आणायचंय. एक्सल दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणून दुप्पट, दहा मिमी आखूड घ्यायचा. 122.5 होता तर 113 जवळचा.

आकड्यापुढे फ्रेमकडेही बघा. लहान चेनरिंग किंवा डाव्या क्रँकचं टोक चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) घासता कामा नये. क्रँक आणि नळीत मी किमान चार मिमी ठेवतो. चढावर जोर आला की फ्रेम लवते, हे उभ्या सायकलवर दिसत नाही.

चौकोनी एक्सल म्हणजे सगळे सारखेच ना?

नाहीत. उतार सारखा, दोन अंशांचा, पण टोकाची जाडी वेगळी. जपानी जेआयएस आणि युरोपीय आयएसओ अशा दोन पद्धती आहेत. शिमानो आणि आपल्याकडे मिळणारं जवळपास सगळं जेआयएस. आयएसओ मुख्यतः कँपाग्नोलो आणि काही जुन्या युरोपीय रोड सायकलींवर. आयएसओ क्रँक जेआयएस एक्सलवर घातला तर साडेचार मिमीच्या आसपास बाहेर उभा राहतो. उलट केलं तर क्रँक खोल आत जातो, आणि एक्सलचं टोक क्रँकच्या तळाला टेकलं की बोल्ट आवळला तरी क्रँक आवळलेला नसतो. आवळल्यावर एक्सलचं टोक क्रँकच्या आतल्या पायरीपेक्षा दोनेक मिमी आत दिसलं पाहिजे. बॅटरी लावून बघा.

ऑक्टालिंकचा जुना क्रँक फुकट मिळतोय. घेऊ का?

सोबत चालू बीबी मिळत असेल तर घ्या. ऑक्टालिंकचे दोन प्रकार आहेत, व्ही 1 आणि व्ही 2. दोन्हींना आठ खाचा, पण पहिल्यात त्या 5 मिमी लांब आणि दुसऱ्यात 9, त्यामुळे एकमेकांना चालत नाहीत. आयसिसला दहा खाचा, ते वेगळंच कुटुंब. तिघांच्याही नव्या बीबी शोधाव्या लागतात. कोल्हापुरात मला एकदाही दुकानात तयार मिळाली नाही. नुसता क्रँक फुकट म्हणून घरी आणाल आणि बीबीच्या शोधात सहा महिने घालवाल.

सरळ हॉलोटेक 2 बसवता येईल का?

शेल बीएसए 68 किंवा 73 असेल तर येईल. 2003 च्या एक्सटीआर क्रँकसेटपासून शिमानोने ही पद्धत आणली. 24 मिमीचा पोकळ एक्सल उजव्या क्रँकला कायमचा जोडलेला असतो आणि बेअरिंग शेलच्या बाहेर बसतात. 73 च्या शेलला उजवीकडे 2.5 मिमीचा एक स्पेसर. 68 ला तीन, उजवीकडे दोन आणि डावीकडे एक. पुढचा डिरेल्युर बीबीच्या कपाखाली पट्टीने अडकवलेला असेल तर ती पट्टी उजवीकडच्या एका स्पेसरची जागा घेते.

डाव्या बाजूचं प्लॅस्टिकचं टोपण फक्त हाताने, बेअरिंगचा खेळ जाईपर्यंत फिरवायचं: 0.7 ते 1.5 न्यूटन मीटर. मग क्रँकचे दोन ॲलन बोल्ट आळीपाळीने 12 ते 14. टोपणच ताकदीने आवळून बेअरिंग मारलेल्या सायकली मी पाहिल्यात.

आता माझं मत. जुन्या स्टीलच्या फ्रेमच्या कडा बऱ्याचदा समांतर नसतात, वर रंगाचे थर असतात. बाहेरच्या बेअरिंगना ते खपत नाही, कडा फेस करून (समांतर, सपाट कापून) घ्याव्या लागतात. शिवाय आपल्या पावसात आणि ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवरच्या चिखलात शेलच्या आत बसणारी साधी चौकोनी कार्ट्रिज मला जास्त निवांत वाटते. ज्यांना वजन कमी करायचंय त्यांनी माझं ऐकू नये.

डब, बीबी 30, प्रेसफिट या दुसऱ्या पद्धतींची नावं दिसली की तो माल सोडून पुढे जा. आणि जीएक्सपी (स्रॅमच्या पद्धतीचा) क्रँक शिमानोच्या बीबीत घालू नका. त्याचा एक्सल उजवीकडे 24 आणि डावीकडे 22 मिमी असतो.

पुलर (क्रँक ओढून काढायचं टूल) लावला आणि क्रँकचे आटेच बाहेर आले. आता?

बोल्ट काढला, पण त्याखालचा वायसर आत राहिला असणार. चिखल आणि ग्रीसच्या काळ्या लेपात तो अजिबात दिसत नाही. माझाही एक क्रँक असाच गेला. पुलर एक्सलऐवजी त्या वायसरला टेकला, मी पानावर वजन टाकलं, 'टक' झालं आणि ॲल्युमिनिअमची चकचकीत स्प्रिंगसारखी तार पुलरबरोबर हातात आली. ते क्रँकचे आटे होते. दुसरं कारण म्हणजे पुलर पूर्ण आत न फिरवणं. हाताने जाईल तितका आणि मग पानाने थोडा, 22 मिमीचे सगळे आटे पकडले पाहिजेत.

आटे गेलेला क्रँक टाकूनच द्यायचा असेल तर जुना उपाय: बोल्ट काढून घरासमोरच दोन-चार फेऱ्या मारा. क्रँक आपोआप सैल होतो. चौकोनी भोक खराब होतं, म्हणून वापरायच्या क्रँकवर हे करू नका.

ऑक्टालिंक आणि आयसिसला चौकोनीचा पुलर थेट चालत नाही, त्याचं टोक एक्सलच्या मोठ्या भोकात शिरतं. मधे एक लहान टोपी लागते. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने मला ती स्टीलच्या तुकड्यातून चहा येईपर्यंत टर्न करून दिली. पैसे घेताना म्हणाला, "एवढंच काम असंल तर पुढच्या टायमाला नुसता चहाच सांगा, दादा."

चेनरिंग वेगळी घेता येईल का? माप कुठलं सांगायचं?

रिव्हेट मारलेली असेल तर नाही, पूर्ण क्रँकसेट बदलावा लागतो. बोल्टची असेल तर बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास सांगायचा, दुकानात त्याला बीसीडी म्हणतात. ते वर्तुळ थेट मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यातलं अंतर मोजा. पाच हातांच्या क्रँकवर 64.7 मिमी भरलं तर बीसीडी 110, 55.3 भरलं तर 94. चार हातांवर 73.5 म्हणजे 104. आतल्या लहान रिंगचं पाचात 43.5 म्हणजे 74 आणि 34.1 म्हणजे 58, चारात 45.3 म्हणजे 64.

पन्हाळा चढायचाय. किती दातांची चेनरिंग घेऊ? पुढे एकच ठेवली तर?

26 इंची चाकाचा एक फेरा साधारण 2.07 मीटर. पुढे 22 आणि मागे 28 दात असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 1.63 मीटर जाते. पुढे 32 असेल तर 2.37. कागदावर फरक किरकोळ वाटतो, वाघबीळ सोडल्यावर तो गुडघ्यांना कळतो. एकच चेनरिंग ठेवायची तर मागे 34 दातांचं मोठं फ्रीव्हील हवं. 32 ला 34 म्हणजे 1.95 मीटर. तरुण असाल तर चालेल. मी तीन चेनरिंग काढलेल्या नाहीत.

टॉर्क रेंच नाही. किती आवळायचं?

चौकोनी क्रँकचा बोल्ट 35 ते 50 न्यूटन मीटर, कार्ट्रिज बीबी 50 ते 70. घरात ताणकाटा असेल तर काम भागतं. बोल्टच्या मध्यापासून पानावर 25 सेंटिमीटरवर खूण करा, तिथे काटा अडकवून पानाशी काटकोनात ओढा. 16 किलो दाखवलं की जवळपास 40 न्यूटन मीटर झाले. पहिल्या दोन-तीन राईडनंतर एकदा तपासा. त्यानंतर दर रविवारी उगाच आवळत बसू नका, क्रँक एक्सलवर पुढे पुढे सरकत जातो आणि शेवटी चिरतो.

उलट चूक अधिक महाग. डावा क्रँक सैल लागतोय हे कळूनही 'घरापर्यंत जाऊ' म्हटलं, की मऊ ॲल्युमिनिअमचं चौकोनी भोक गोल होतं. मग कितीही आवळा, पुन्हा सैल. उतरून ढकलत न्या.

शेलचे आटे खराब झालेत. लेथवर नवे पाडून घेऊ का?

आधी नीट सांगा की आटे 24 टीपीआय (इंचाला 24) आहेत. 24 टीपीआय म्हणजे 1.058 मिमी पीच, आणि व्यास 34.8 मिमी. मेट्रिकवर हात बसलेला माणूस सहज '35 बाय 1' समजतो. कप दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडकतो, तिथून पुढे ताकद लावली की उरलेलेही आटे जातात. उजवीकडे डावे आटे पाहिजेत हेही सांगा. आटे नुसते गंजले असतील तर बरोबर टॅप फिरवून साफ होतात. पार गेले असतील तर शेल मोठं करून 36 मिमीचे इटालियन आटे पाडणं हा शेवटचा उपाय. त्याआधी आट्यांशिवाय दोन्ही बाजूंनी आवळून बसणारी कार्ट्रिज मिळते का पाहा.

सायकल पुराच्या पाण्यात होती. बीबी वाचेल का?

2019 आणि 2021 च्या पुरानंतर हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आला. कप-कोनाची खुली बीबी असेल तर वाचते. खोला, रॉकेलने धुवा, प्रत्येक बाजूला पाव इंचाचे 11 नवे छर्रे टाका, ग्रीस भरा. कोनावर खड्डे पडले असतील तर एक्सल बदला. सीलबंद कार्ट्रिज उघडत नाही. फिरवून बघा, खरखर लागली तर बदला. दोन्ही प्रकारांत सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा. नळीत साठलेलं गढूळ पाणी शेलवरच येऊन बसतं. एका मित्राच्या सायकलीतून पेलाभर निघालं, पूर ओसरून तीन आठवडे झाल्यावर.

चैत्रात जोतिबाला सायकलने जाणाऱ्यांसाठीही हेच. गुलाल फार बारीक असतो. यात्रेहून आलेली एक खुली बीबी उघडली तर ग्रीस शेंदरासारखं गुलाबी-लाल झालं होतं आणि छर्रे त्यात बुंदीसारखे बसले होते.

सगळं नवं बसवलं तरी पॅडल मारताना 'कट-कट' येतेच.

बीबीवर शेवटी या. आधी पॅडल काढून आट्यांना ग्रीस लावा, मग चेनरिंगचे बोल्ट बघा, मग उभं राहून पॅडल मारा. उभं राहिल्यावर आवाज गेला तर दोष सीटपोस्टमध्ये आहे. यातलं काहीच नसेल तर बीबीचे कप काढून शेलचे आटे पुसा, ग्रीस लावून पुन्हा नीट आवळा. एका सायकलीच्या 'बीबीच्या' आवाजासाठी आम्ही दोन बीबी बदलल्या. आवाज बाटलीच्या स्टँडच्या सैल स्क्रूचा होता.

क्रँक 170 मिमी लांबीचा घ्यायचा की 175 चा?

जुन्या क्रँकच्या मागच्या बाजूला आकडा कोरलेला असतो. त्रास नसेल तर तोच घ्या.